मुंगी चावल्यासारखं

मागच्या महिन्यात आमच्या चिकूचं (वय वर्षं ४) हर्नियाचं ऑपरेशन झालं. आता ठणठणीत आहे, सोफ्यावरून उड्या मारतोय, तेव्हा विचारपूस करणाऱ्यांनी काळजी सोडावी. लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. या सगळ्यात मी पोराशी एकदा खोटं बोललो आणि ते फार महागात पडलं.

आंघोळ घालताना बायकोला त्याच्या जांघेत फुगवटा दिसला. रडला, खोकला की वर यायचा, झोपला की गायब. माझ्या आईकडे उपाय तयार होता: वर नाणं बांधा. माझा बेंबीचा हर्निया म्हणे तिने रुपयाचं नाणं बांधून घालवला होता. सर्जन हसले. म्हणाले, "आजी, बेंबीचा बहुतेक मुलांचा आपोआपच बुजतो, श्रेय नाण्याला जातं. जांघेतला बुजत नाही." आईच्या पोटात असतानाच मुलाच्या वृषणग्रंथी खाली उतरतात, त्यांच्या मागची वाट नंतर बंद व्हायला हवी. ती उघडी राहिली की आतडं तिथून डोकावतं. एखाद्या दिवशी तिथेच अडकलं, फुगवटा कडक झाला, उलट्या सुरू झाल्या, की मग मध्यरात्रीची धावपळ. त्यापेक्षा ठरवून केलेलं बरं. आईने मान डोलावली आणि इथे नाशिकमध्येच आनंदवल्लीला जाऊन नवश्या गणपतीला नवसही बोलून आली. दोन्ही बाजू पक्क्या!

घोळ मी घातला, रक्त तपासायच्या दिवशी. "बाबा, कुठे चाललो?" "फाळके स्मारकाला." तिथल्या बागेत जायचं म्हणून पठ्ठ्या स्वतः बूट घालून तयार. लॅबमध्ये दोघांनी हात धरला आणि मी वर म्हणतोय, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं." पुढचे पंधरा दिवस कोपऱ्यावर दूध आणायला निघालो तरी दारात बसकण. "खरंच दुधालाच ना?"

आपल्याकडे ही पद्धतच आहे. वर्षभर "जेव, नाहीतर डॉक्टरकाका सुई देतील" म्हणून डॉक्टरांचा बागुलबुवा करायचा आणि वेळ आली की पोराला त्याच बागुलबुवाच्या हवाली करायचं. ऑपरेशनचं कळल्यावर चिकूने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मी काय केलं?" बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मला दोन मिनिटं काही सुचलं नाही.

मग ठरवलं, आता खरं ते सांगायचं. तेही तीनच दिवस आधी. इतक्या लहान मुलांना महिनाभर आधी सांगून नुसती धाकधूक वाढते. त्याच्या अस्वलाला पट्टी बांधली. तू काही केलं नाहीस, पोटात एक छोटं दार उघडं राहिलंय, ते डॉक्टर बंद करणार. तेव्हा तू गाढ झोपलेला असशील, काही कळणार नाही. हातात सुई लावतील, ती दुखेल. दहा मोजेपर्यंत दुखेल. उठशील तेव्हा आम्ही तिथेच. नातेवाईक म्हणाले, कशाला घाबरवतोस लेकराला? घाबरला होताच तो. पण नर्सने कॅन्युला लावला तेव्हा हात ओढला नाही, भोकाड पसरून मोठ्याने मोजत राहिला. सात विसरला, म्हणून परत पहिल्यापासून!

उपाशी ठेवण्याबद्दल एक सांगतो. वॉर्डात आम्हाला सरसकट "रात्री बारानंतर काही नाही" सांगितलं होतं. भूलतज्ज्ञ मॅडमना विचारलं तर त्यांनी नीट हिशोब दिला: साधं दूध ६ तास आधीपर्यंत, पाणी २ तास आधीपर्यंत. साडेनऊचं ऑपरेशन, म्हणजे साडेसातपर्यंत पाणी चाललं. विचारायला लाजू नका. आणि त्यांनी घालून दिलेली वेळ मात्र काटेकोर पाळा. भुलेत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून हे सगळं. "एक बिस्किट दिलं तर काय होतं" म्हणणारी प्रेमळ माणसं त्या सकाळी घरीच ठेवावीत. आम्ही दोघांनीही त्याच्यासमोर चहाचा घोट घेतला नाही.

आमची खरी परीक्षा पुढेच होती. रिकव्हरीत आत बोलावलं तर पोरगं किंचाळतंय, लाथा झाडतंय, आईलाही ओळखेना. उचललं तर आणखी चवताळलं. मला वाटलं, डोक्याला काहीतरी झालं. नर्स शांतपणे म्हणाली, "होतं असं, भूल उतरतेय." वीसेक मिनिटांत थकून झोपला आणि उठल्यावर त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. या वयाच्या मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं, असं नंतर कळलं. अहो, मग आधी एक वाक्य सांगायला काय होतं? सही घ्यायला चार कागद पुढे आले, हे मात्र कोणी बोललं नाही. म्हणजे मोठ्यांनाही "काही नाही हो, छोटंसं ऑपरेशन" हेच. मुंगी चावल्यासारखं.

भेटायला आलेल्यांबद्दल फार लिहीत नाही, घरातलेच आहेत. फक्त पोराच्या उशाशी बसून "बिच्चारं गं माझं" करू नये एवढंच. शांत खेळत असलेलं पोर ते ऐकून रडायला लागतं. डिस्चार्ज सकाळी मिळाला, इन्शुरन्सची मंजुरी दुपारी चारला आली. असो.

घरी आल्यावर चार-पाच रात्री अंथरूण ओलं झालं. वर्षभरापूर्वीच सुटलेली सवय. सर्जन म्हणाले रागावू नका, आपोआप जाईल. गेली. दिवसभर अस्वलाला बुटाच्या लेसची सलाईन लागलेली असायची आणि त्याला दम मिळायचा, "दुखेल हां, पण दहाच मोजायचे."

आठवड्याने दाखवायला निघालो. "टोचणार?" "नाही. टाके आपोआप विरघळतात, डॉक्टर फक्त बघणार." त्यांनी पट्टी काढली, बघितलं, पाठ थोपटली. बाहेर आल्यावर तो जिन्यातच थांबला. "बघितलंच फक्त," म्हणाला, आणि मग, "आता फाळके स्मारक?"

गाडी वळवली, मुंबई नाक्याकडून सरळ पांडवलेणीच्या दिशेने. पोहोचेपर्यंत त्याने तीनदा विचारलं, खरंच ना.