‘अर्ध्या तासात फ्युएल पंप बदला’ : त्या मेसेजमधल्या घातक सूचना

‘मागची सीट उचला, झाकण उघडा, जुना पंप काढून नवा टाका. अर्ध्या तासाचं काम आहे, गॅरेजवाले उगाच लुटतात.’ हा मेसेज गेल्या महिन्यात मला तीन ग्रुपवर आला. खाली सूचनांची यादीही आहे. मी स्वतः दोन पेट्रोल गाड्यांचे, टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारे हे पंप घरी बदललेत, त्यामुळे हे काम घरी होत नाही असं मी म्हणणार नाही. पण या यादीतल्या बऱ्याच सूचना चुकीच्या आहेत आणि एक तर जीव घेणारी आहे.

‘स्टार्टर फिरतो पण गाडी चालू होत नाही, म्हणजे पंपच गेला.’ आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी एवढ्यावरच नवा पंप आणून बसवला. गाडी तशीच उभी राहिली, कारण जळला होता रिले, म्हणजे पंपाला वीज सोडणारा छोटा स्विच. चावी ऑन केली की मागून दोनेक सेकंद ‘गूंऽऽ’ असा आवाज येतो. पंप लाइनमध्ये दाब भरत असतो तो. आवाज नसेल तर आधी फ्यूज बघा, मग शेजारचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघा. तरीही नाही, तर पंपाच्या कनेक्टरला व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावा. वीज तेवढे दोन सेकंदच येते, म्हणून चावी फिरवायला दुसरा माणूस लागतो. १२ व्होल्ट येतायत, अर्थिंग नीट आहे आणि पंप गप्प आहे, तरच पंपाला हात लावा.

सीटखाली झाकण सगळ्याच गाड्यांना नसतं. काहींची अख्खी टाकी उतरवावी लागते. ते काम रॅम्पवरच करून घ्यावं.

‘टाकी रिकामी केली की धोका संपला.’ हे अगदी उलट आहे. पेट्रोल कमी असलं की सांडत नाही, एवढाच त्याचा फायदा. पेट तिथली वाफ घेते, आणि जवळजवळ रिकाम्या टाकीत वाफ भरपूर असते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत खड्ड्यात साठते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये आलं की एक ठिणगी पुरते. आता आपल्या स्टिल्ट पार्किंगचा विचार करा. तिथेच कोपऱ्यात पाण्याच्या मोटरचा खड्डा असतो, आणि टाकीतलं पाणी खाली गेलं की ती मोटर आपोआप सुरू होते. म्हणून हे काम तळघरात किंवा पार्किंगमध्ये करूच नका. उघड्या मैदानात, चारी दारं सताड उघडी ठेवून, अग्निशामक हाताशी घेऊन करा. आणि पेट्रोल तोंडाने ओढून काढू नका. घोटभर जरी फुप्फुसात गेलं तरी गाठ हॉस्पिटलशी आहे.

जीव घेणारी सूचना पुढची: ‘पंप बाहेर काढून बॅटरीला वायर लावा, फिरतो का बघा.’ यातल्या बहुतेक पंपांच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, आणि ते घासताना बारीक ठिणग्या पडतात. मग टाकीत आग का लागत नाही? कारण पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, आतून पेट्रोलच वाहत असतं, आणि वरच्या पोकळीत वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच नसते. तोच पंप, पेट्रोलने ओला असताना, उघड्यावर फिरवला की ठिणगी, वाफ आणि हवा एकत्र येतात. वायर टेकवतानाची ठिणगी वेगळीच. नवा कोरडा पंपही फिरवू नका. त्याला थंडावा आणि वंगण पेट्रोलच देतं.

‘पाइप ओढून काढा.’ टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा असते, इंजिनाकडे जाणाऱ्या इंजेक्शनच्या लाइनमध्ये बहुधा ४५ ते ५५ पीएसआय दाबाचं पेट्रोल. पंप चालत असेल तर त्याचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. पंप मेलेलाच असेल तरी लाइनमध्ये दाब राहिलेला असू शकतो. चष्मा लावा, जोडावर जाड फडकं गुंडाळा आणि सावकाश सोडवा.

‘कुठलाही १२ व्होल्टचा पंप चालतो’ हेही खोटं. व्होल्टेज सारखं असलं तरी दाब आणि प्रवाह गाडीप्रमाणे बदलतो.

‘जुनं रबर परत वापरा’ या सूचनेचा फटका मला स्वतःला बसलाय. झाकणाखालची ओ-रिंग पेट्रोलने फुगलेली असते, खाचेत बसत नाही. पहिल्या वेळी मी तीच दाबून बसवली. चार दिवस काहीच जाणवलं नाही. मग टाकी फुल्ल केली आणि वळणावर मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, “बाबा, वास येतोय.” सीट उचलली तर झाकणाभोवती पेट्रोल पाझरून धूळ काळी पडली होती. काचा उघडून सगळ्यांना खाली उतरवलं आणि गाडी तिथूनच टो करून आणली.

तेव्हापासून नवी ओ-रिंग पंपासोबतच घेतो. पंप बसला की लगेच स्टार्टर मारत नाही. चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करतो, टॉर्चच्या उजेडात प्रत्येक जोड बोटाने पुसून बघतो, मग इंजिन सुरू करतो. आणि सीट लावायच्या आधी टाकी फुल्ल करून पुन्हा एकदा बघतो.