'पॉप्युलिस्ट' ही शिवी नाही

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. अमेरिकेतला शेतकरी बघा, स्वतःच्या हिमतीवर उभा आहे, सरकारपुढे कधी हात पसरत नाही, आणि आपल्याकडे कर्जमाफीचा नुसता पॉप्युलिझम, म्हणजे मतांसाठी लोकांना खूश करणं. खाली सात अंगठे. त्यातले चार माझ्यासारखेच कास्तकाराच्या घरातले. चहा गार झाला तरी मी फोन हातात धरून बसले होते. लांब लिहिणार आहे. आज राहवत नाही.

आधी एक जुनी गोष्ट. मी सातवीत होते. कापसाच्या बंडीवर बसून बाबांसोबत तालुक्याला गेले होते. ज्या दुकानातून जूनमध्ये बियाणं, खत, फवारणीचं औषध उधारीवर आणलं, त्याच माणसाला कापूस द्यायचा, हे ठरलेलं. भाव तो म्हणेल तो. मोजमाप झालं, त्यानं लाल वही उघडली. मी बाबांच्या खांद्यावरून डोकावून बेरीज केली. युरियाच्या दोन बॅगा दोन वेळा मांडल्या होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी माझं मनगट घट्ट दाबलं आणि म्हणाले, "तुमी लिवान थेच खरं, शेटजी."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

आता अमेरिका. यादवी युद्धानंतर टेक्सास, जॉर्जिया, अलाबामाच्या कापूसवाल्यांकडे रोख पैसा नव्हता. गावचा दुकानदार बी, पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, नांगराचा फाळ असं सगळं उधारीवर द्यायचा आणि बदल्यात उभं पीक लिहून घ्यायचा. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा, आणि त्यावर व्याज. एकदा पीक लिहून दिलं की दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची सोय नाही. पोटापुरता मका लावतो म्हटलं तर दुकानदार म्हणणार, कापूसच लाव. हंगामाच्या शेवटी हिशेब फिटला नाही की पुढच्या सालचं पीकही त्याचंच. दक्षिणेत लाखो घरं अशी अडकली होती, गोरी आणि काळी दोन्ही. वही वेगळ्या भाषेतली, बाकी सगळं आमच्या तालुक्याचं.

आणि भाव? १८७५ ला पौंडाला ११ सेंटच्या आसपास असलेला कापूस १८९४ ला ५ सेंटच्या खाली आला. देशात माणसं वाढली, पिकं वाढली, पण चलन सोन्याला बांधलेलं. म्हणजे कर्जाचा आकडा तोच, फेडायला कापूस मात्र दुप्पट. तिकडे कॅन्ससमध्ये मका इतका स्वस्त झाला की लोकांनी थंडीत तो कोळशाऐवजी चुलीत जाळला. हिमतीवर उभा असलेला शेतकरी म्हणे! पिकवलेला दाणा जाळून पोरांना ऊब देणारा माणूस बघितला असता तर अंगठा उठला असता का तुमचा?

आपलाही धागा आहे यात. त्याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून मुंबईत सोनं बरसलं होतं. १८६५ ला युद्ध संपलं, त्यांचा कापूस परत बाजारात आला आणि आपला भाव कोसळला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. टेक्सासच्या लॅम्पॅसस काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) शेतकऱ्यांची पहिली अलायन्स, म्हणजे संघटना, जमली ती १८७७ च्या सुमारास. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल.

तिकडच्यांनी वह्या जाळल्या नाहीत, दुकान काढलं. इथेच माझा जीव अडकतो. १८८७ ला डॅलसमध्ये अलायन्सचं एक्स्चेंज उभं राहिलं. सगळ्यांचा कापूस एकत्र विकायचा, सगळ्यांचं सामान एकत्र घ्यायचं. तारण काय? ज्याच्या नावावर जमीन होती त्यानं ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासोबत एकाच कागदावर सही करायची. नीट वाचा हे. स्वतःची जमीन दुसऱ्याच्या उधारीसाठी. बँकांनी ते कागद घ्यायला नकार दिला, तेव्हा ९ जून १८८८ ला टेक्सासभरच्या काउंटी कोर्टांपुढे शेतकरी घोड्यांवरून, बायकापोरं वॅगनमध्ये घालून जमले. खिशात होते तेवढे डॉलर दिले. एक्स्चेंज तरीही १८८९ ला बंद पडलं.

गाठी बांधायच्या तागाच्या कापडाचा भाव कंपन्यांनी संगनमतानं वाढवला, तर यांनी ताग सोडला आणि कापूस कापसाच्याच कापडात बांधला. अलायन्सचे 'लेक्चरर' गावोगाव फिरायचे आणि रेल्वेचं भाडं कोण ठरवतं, चलन कोण आवळतं, वेचणी संपताच भाव का पडतो, हे चर्चमध्ये नाहीतर झाडाखाली बसून समजावायचे. कॅन्ससमध्ये मेरी एलिझाबेथ लीज नावाच्या बाईनं १८९० च्या एका प्रचारात दीडशेच्या वर भाषणं केली. बायकांना खासदारकीच्या मतदानाचा हक्क नसताना!

अलायन्सच्या चार्ल्स मॅक्यून या नेत्याची एक योजना तर आजही वाचावी. सरकारी गोदामात माल ठेवा, त्याच्या किमतीच्या ८० टक्के रक्कम १ टक्का व्याजानं उचला आणि भाव चढला की विका. म्हणजे वेचणीच्या दिवशी कुणाच्या वहीपुढे मान तुकवायची गरज नाही. दोन्ही मोठ्या पक्षांनी ती उडवून लावली, म्हणून यांनी स्वतःचा पक्ष काढला, पीपल्स पार्टी. 'पॉप्युलिस्ट' हा शब्द या माणसांसाठी रूढ झाला. ४ जुलै १८९२ ला ओमाहात त्यांनी जाहीरनामा मांडला. उत्पन्न वाढेल तसा वाढता आयकर, सिनेटर, म्हणजे वरच्या सभागृहाचे खासदार, थेट लोकांनी निवडावेत, रेल्वे सरकारनं चालवावी. त्या वर्षी त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला, जेम्स वीव्हरला, १० लाखांच्या वर मतं पडली. वेडे म्हटलं गेलं त्यांना. आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक, दोन्ही १९१३ ला अमेरिकेच्या घटनेत आलं.

आणि ती गोदामाची योजना? १९३३ नंतर वेगळ्या रूपात सरकारनंच आणली. आजही अमेरिकेतला कापूसवाला कापूस तारण ठेवून सरकारकडून कर्ज उचलतो. भाव पडला तर माल सरकारला देऊन मोकळा होऊ शकतो. पीकविम्याच्या हप्त्यातही सरकारचा मोठा वाटा असतो. पाठवा हे ग्रुपवर.

बरं, सोन्यासोबत चांदीचीही नाणी पाडून चलन वाढवलं की सगळं सुरळीत होईल, हे त्यांचं गणित भाबडं होतं. आणि कर्जमाफीनं मूळ दुखणं जात नाही, हेही खरं. पुढे.

एक गोष्ट मात्र 'पुढे' म्हणून सोडता येत नाही. गोऱ्यांची अलायन्स काळ्या शेतकऱ्यांना आत घेत नव्हती. त्यांनी १८८६ ला टेक्सासमध्ये स्वतःची वेगळी अलायन्स काढली. १८९१ ला कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांनी मजुरी वाढवून मागितली, तेव्हा गोऱ्या अलायन्सचे पुढारीच विरोधात गेले आणि अर्कान्सामध्ये संपकऱ्यांना ठार मारण्यात आलं. जॉर्जियाचा पॉप्युलिस्ट पुढारी टॉम वॉटसन आधी काळ्या-गोऱ्या शेतकऱ्यांना सांगायचा की तुम्हा दोघांना वेगळं ठेवूनच लुटलं जातंय. तोच माणूस पुढे काळ्यांविरुद्ध विष ओकत फिरला. हे लिहिताना सकाळचा राग ओसरला आणि नुसतं वाईट वाटतंय. आमच्या बंडीतला कापूस वेचणाऱ्या बायांना त्या दिवशी काय मिळालं, हे मी तरी कुठे विचारलं होतं?

१८९६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पीपल्स पार्टीनं डेमोक्रॅट पक्षाच्या ब्रायनला पाठिंबा दिला, तो हरला आणि पक्ष विरला.

दुपारी बाबांना फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या युरियाच्या दोन बॅगांबद्दल विचारलं. मला वाटत होतं, त्यांना बेरीज कळली नव्हती.

"माईत होतं मले," ते म्हणाले. "पण मिरगाले बियाणं कोणं देल्लं असतं?"

मग मी त्यांना डॅलसच्या दुकानाची गोष्ट सांगितली, जमीनवाल्यांच्या सह्यांसकट. ते ऐकत राहिले.

"किती दिवस चाललं थे?"

"दोन वर्षं, बाबा."

"दोन वर्सं," ते म्हणाले. "म्हंजे दोन मिरग."