टाकी भरायची घाई कशाला?

गाडी तुमची, टाकी तुमची; ती भरलीच पाहिजे असा काही कायदा नाही. पंपावर काच खाली करायची आणि रुबाबात ‘दोनशेचं’ म्हणायचं. शंभरीपार पेट्रोलात दोनशेला दोन लिटरही येत नाही, पण काटा हलल्यासारखा दिसतो. तेवढं पुरे.

लाल दिवा लागला तर घाबरू नका. कंपनीनं तो शोभेला लावलाय.

कुणी शहाणा भेटेल आणि सांगेल, की इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप टाकीच्या आतच असतो, पेट्रोलात बुडालेला. त्याची मोटर गार राहते ती पेट्रोलनं आणि वंगणही तेच. टाकी तळाला गेली की पंप उघडा पडतो, वळणावर पेट्रोल एका बाजूला पळालं की हवा ओढतो, तापतो, झिजतो. बऱ्याच गाड्यांत पंपाभोवती छोटी वाटी असते, तेवढ्यावर तो भागवतो. पण वाटीत यायलाही टाकीत काहीतरी लागतं ना! असो. ऐका, मान डोलवा, निघा. (तळाचा गाळ ओढला जातो, ही भीती मात्र मला जरा फुगवलेली वाटते. टाकी गच्च भरलेली असली तरी पंप तळातूनच ओढतो.)

चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाचं बारीक ‘घूंऽऽ’ येतं. ते कर्कश झालं तर गाण्यांचा आवाज वाढवा. स्टार्टर लांबायला लागला तर थंडीला दोष द्या. मे महिना असला म्हणून काय झालं?

आदर्श घ्यायचा तर आमच्या दाजींचा. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. शेतातल्या बोअरला त्यांनी ड्राय रनचं पॅनेल बसवलंय. पाणी खाली गेलं की मोटर आपोआप बंद. तरी भरवसा नाही म्हणून दर दोन तासांनी सालगड्याला फोन. पाण्यात बुडालेली ती मोटर आणि पेट्रोलात बुडालेली ही मोटर, दोघी एकाच भावकीतल्या. पण दाजींच्या गाडीचा काटा आठ वर्षं लालच्या वर गेलेला नाही.

गेल्या मे महिन्यात बीडच्या लग्नाला निघालो. मांजरसुंब्याच्या घाटात गाडीनं दोन आचके दिले आणि बसली. काठपदरातल्या दोन मावश्या आणि आत्या खाली उतरल्या, दगडावर टेकल्या. एका मोटरसायकलवाल्यानं कॅनमधून पाच लिटर आणून दिलं. ओतलं, चावी फिरवली. सीटखालून आवाजच नाही.

दाजींनी घाम पुसला, फोन काढला. मिस्त्रीला लावतायत, असं आम्हाला वाटलं.

‘‘अरे, पाणी तळाला गेलं असंल,’’ ते सालगड्यावर ओरडले, ‘‘मोटर बंद कर आधी! कोरडी चालली तर जळंल की!’’