लॅम्पेडुझाच्या मतदारांवर अन्याय नको

‘निर्वासितांवरच्या रागापोटी लॅम्पेडुझाने जगाने गौरवलेल्या महापौर जुझी निकोलिनींना घरी बसवले’ हे इटलीच्या या भूमध्य समुद्रातल्या बेटावरील लेखातले वाक्य मला अजिबात पटले नाही. एप्रिल २०१७ मध्ये युनेस्कोचा शांतता पुरस्कार आणि जूनमध्ये महापौरपदाच्या निवडणुकीत थेट तिसरा क्रमांक, ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण बेटावरच्या माणसांना ती उगीचच निष्ठुर ठरवते. ३ ऑक्टोबर २०१३ च्या निर्वासितांच्या बोटीच्या दुर्घटनेत ३६८ जण बुडाले, तेव्हा पहाटे आपल्या होड्यांवर माणसे ओढून घेणारे याच गावचे होते. जेमतेम सहा हजार वस्ती, बेटावर रुग्णालय नाही, बाळंतपणासाठी समुद्र ओलांडून सिसिली गाठायची. अशा ठिकाणी महापौराला पहिला प्रश्न बोटीचा, पाण्याचा आणि दवाखान्याचाच विचारला जाणार. निकोलिनींविरुद्ध जिंकलेले मार्तेल्लो आधीही महापौर राहिलेले, हॉटेलवाले आणि मच्छीमारांच्या संघटनेतले, म्हणजे रोजच्या उठबशीतले. आणि २०२२ मध्ये लोकांनी त्यांनाही बदललेच की!

मी आमच्या खाडीकाठच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली आहे. तिथे भाषण कुणी ऐकत नाही; जेटीची पायरी कधी दुरुस्त करणार, एवढेच विचारतात, आणि तो प्रश्न क्षुद्र नसतो. निकोलिनींबद्दल मला मनापासून आदर आहे. बुडालेल्या निर्वासितांना पुरायला बेटाची दफनभूमी किती मोठी करायची, असे त्यांनी युरोपला ठणकावून विचारले. पण त्या हरल्या म्हणून मतदार माणुसकीला विसरले, हा निष्कर्ष लेखकाने निदान तिथल्या चार मच्छीमारांशी बोलून तरी काढायला हवा होता.