लघवीची गोळी आणि ‘घरबसल्या डॉक्टर’

‘एक नेत्रतज्ज्ञ’ या नावाने आलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. टॅमसुलोसिन ही प्रोस्टेटच्या त्रासात लघवी मोकळी व्हायला देतात ती गोळी. ती घेत असाल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, अशा अर्थाच्या माझ्या लेखात त्यांना तीन दोष दिसले. साल चुकलं, अभ्यास निव्वळ निरीक्षणात्मक (म्हणजे प्रयोग न करता नोंदी पाहून केलेले), आणि (हे त्यांचे शब्द) ‘अशा घरबसल्या डॉक्टरांमुळेच पेशंट परस्पर गोळ्या बंद करतात.’

सालाचं मान्य. या गोळीचा ऑपरेशनमधला त्रास दाखवणारा चँग आणि कॅम्पबेल यांचा शोधनिबंध २००५ चा, मी २००४ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

आता ते वाक्य. ‘घरबसल्या’ हा शब्द नसता तर मी एवढं लिहायला बसलोच नसतो. मी डॉक्टर नाही, हे माझ्या परिचयाच्या पहिल्याच ओळीत आहे. पण अकरा वर्षं क्लिनिकल ट्रायल्सचा को-ऑर्डिनेटर होतो, त्यातली सहा डोळ्यांच्या विभागात. पेशंटला संमतीपत्र वाचून दाखवायचं, चालू औषधांचा रकाना भरायचा, हेच काम. एका आजोबांना विचारलं, काही औषधं चालू आहेत? नाही. बीपीची? नाही. शुगरची? छे! सही करायला खिशातून चष्मा काढला, तर सोबत अर्धी संपलेली स्ट्रिप टेबलावर पडली. “ही लघवीची हो. डोळ्याशी काय संबंध?”

त्यांचं काय चुकलं? रकान्यावर ‘डोळ्यांवर परिणाम करणारी औषधे’ असंच छापलेलं होतं. तो फॉर्म तज्ज्ञांनीच बनवला होता. घरी बसून की कुठे, ते ठाऊक नाही.

संबंध असा की प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू ज्या अल्फा-१ए रिसेप्टरमुळे (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेमुळे) आवळतात, तोच बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूतही असतो. गोळी हा रिसेप्टर अडवून तिकडे लघवीची वाट मोकळी करते आणि इकडे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, ढिला पाडते. मग ऑपरेशनमध्ये आत सोडलेल्या पाण्याबरोबर तो हेलकावे खातो, छेदातून बाहेर यायला बघतो, आणि थेंब घालून मोठी केलेली बाहुली काम चालू असतानाच बारीक होत जाते. मी हे मॉनिटरवर पाहिलंय. एरवी गुणगुणत काम करणारे सर्जन एकदम गप्प झाले, “हुक्स द्या” एवढंच म्हणाले. आधी कळलं असतं तर बाहुली ताणून धरणारे हुक्स, रिंग, ती मोठी ठेवायला डोळ्यात सोडायचं फिनाइलेफ्रिन हे औषध, सगळं हाताशी ठेवता आलं असतं.

गोळी बंद करा असं मी कुठे लिहिलंय? उलट गोळी आधीच सोडलेल्यांमध्येही हा त्रास आढळलाय, त्यामुळे बंद करून भरवसा नाहीच. वर लघवी तुंबली तर कॅथेटर नशिबी. हे लेखात आहे. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे, कबूल, पण प्रतिक्रिया पूर्ण लेख वाचून देतात असा माझा आपला समज होता.

राहिले निरीक्षणात्मक अभ्यास. २००९ साली कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या ९६,१२८ वृद्ध पुरुषांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या आधीच्या १४ दिवसांत टॅमसुलोसिन घेतलेल्यांमध्ये नंतरच्या गंभीर गुंतागुंतीची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. तरी हिशेब साधारण २५५ जणांमागे एका जादा पेशंटचा. हे दोन्ही आकडे मी दिले होते. यात घाबरवणारं काय आहे? कार्यकारणभाव वगैरेचा काथ्याकूट पुन्हा कधीतरी.

तुमच्या ओपीडीत ‘लघवीसाठी काही घेता का?’ हे विचारतात की नाही, ते मात्र एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत कुठे सापडलं नाही. आणि हो, टॅमसुलोसिनचं तुम्ही दोनदा ‘टॅम्सोलिन’ केलंय. ते मी दुरुस्त केलेलं नाही.