मालधक्क्याचा इतिहास लिहिताय? हमाल वगळा

कुर्डुवाडीच्या जुन्या मालधक्क्यावर लिहायचं मनात आलंय ना? उत्तम. छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत जायचा तो धक्का. आता ना ती छोटी गाडी राहिली ना ते काम, त्यामुळे तुम्ही काय लिहिलंय ते पडताळायला कुणी जाणार नाही. फक्त थोडं पथ्य पाळा.

सुरुवात साहेबापासून करा. एव्हरार्ड कॅलथ्रोप. त्यांच्या बार्शी लाईट रेल्वेची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी धावली, अडीच फुटी रुळांवर. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एवढ्या सनावळीत दोन परिच्छेद आरामात निघतात. कुर्डुवाडी स्टेशनाला तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणत, हेही टाका. वाचक ‘अरेच्चा’ म्हणतो आणि खूश होतो.

मग इंजिन. लीड्सच्या किटसन कंपनीची, ‘ए’ वर्गाची. इंजिनाला वर्ग असतो, नंबर असतो, बांधणीचं साल असतं. चालत्या गाडीतून उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटायचे आणि त्याच डब्यात परत चढायचं, हा किस्सा तर हवाच. तुम्ही त्या गाडीत कधी बसला नसलात तरी बिघडत नाही. सांगणाऱ्यांतले निम्मे बसलेले नसतात.

इथवर सगळं सोपं. आता मालधक्का येतो आणि जरा जपून.

पुणे-सोलापूरची मोठी लाईन साडेपाच फुटी, बार्शी लाईट अडीच फुटी. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाणं शक्य नाही. तेव्हा लातूरची तूर मुंबईला निघाली की कुर्डुवाडीत उतरायची, धक्क्यावर तिची थप्पी लागायची आणि मग ती मोठ्या डब्यात चढायची. हे असंच लिहा. तूर उतरायची, थप्पी लागायची, तूर चढायची. मराठीतली ही फार गुणी क्रियापदं आहेत. त्यांना कर्ता विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही. चुकून ‘उतरवायचे’ लिहिलंत तर त्या एका ‘व’नं घोटाळा होतो. वाचक विचारतो, कोण उतरवायचे?

हिशेबाच्या भानगडीतही पडू नका. कॅलथ्रोप यांनी चाकांच्या एका आसावर पाच टनांची मर्यादा ठेवली होती. डब्याला चार आस धरले तर वीस टन. त्यातून डब्याचं वजन वजा केलं तरी एका डब्यात क्विंटलची शंभरावर पोती बसणार. प्रत्येक पोतं एकदा खाली, एकदा वर. असे गाडीला डबे किती, दिवसाला गाड्या किती आणि ही लाईन चालली किती वर्षं, हा गुणाकार करू लागलात तर लेखाचा रम्यपणा जातो. तुमची मानही दुखू लागेल.

आणखी एक गोष्ट सांगतो, पण ती तुमच्यामाझ्यात ठेवा. याच कॅलथ्रोप यांनी इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी रेल्वे केली, १९०४ साली सुरू झालेली. तिथं मोठ्या लाईनचा भरलेला डबा जसाच्या तसा छोट्या गाडीच्या पाठीवर घालून न्यायची सोय होती. माल उपसायला नको. कुर्डुवाडीत पाठ माणसाची होती. हे छापलंत तर साहेबावरचे तुमचे दोन परिच्छेद वाया जातील.

साहित्य गोळा करताना गावात एखादे ऐंशीपार आजोबा भेटतीलच. मानेमागं घट्टा असलेले. त्यांना गाडीबद्दल विचारा, शिट्टीबद्दल विचारा. टोळीत कोण कोण होतं, मुकादम किती कापून घ्यायचा, पावसात भिजलेलं पोतं किती जड लागायचं, असं काही ते सांगू लागले की लगेच चहा मागवा. चहा होईपर्यंत विषय बदलतो, असा अनुभव आहे.

शेवटाकडे हळहळ हवी. या शतकाच्या पहिल्या दशकात छोटी लाईन गेली, मोठी आली, डबा लातूरहून थेट मुंबईला जाऊ लागला. ही चांगलीच गोष्ट झाली. असलं काम कुणाच्या पाठीवर राहू नये. पण असं साधं वाक्य लेखात शोभत नाही. त्याऐवजी ‘एका युगाचा अस्त’ लिहा. टोळ्यांनी त्यानंतर कुठं काम धरलं याची चौकशी मात्र नको. युगांना पोटं नसतात.

राहता राहिला फोटो. इंजिनाचा मिळाला तर प्रश्नच नाही. धक्क्याचाच मिळाला आणि त्यात पोत्याखाली वाकलेलं कुणी दिसलं, तर त्या बाजूनं थोडा कापा. खाली ओळ द्या : ‘कुर्डुवाडी मालधक्का. माल चढताना.’