कंट्रोल व्हीचे पैसे कसले?

गेल्या आठवड्यात सोलापूरच्या अशोक चौकाजवळच्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात माझ्या बिलातील एक ओळ लाल बॉलपेनने खोडली गेली. ‘क्लिपबोर्ड व ड्रॅग-ड्रॉप : मजकूर, तक्ते आणि फोटो स्वीकारण्याची सोय’ अशी ती निरुपद्रवी ओळ होती. खोडणारे गृहस्थ कारखान्याचे मालक नव्हते, व्यवस्थापक नव्हते आणि हिशेबनीसही नव्हते. ते मालकांचे मामा होते. सकाळी येऊन वर्तमानपत्र वाचणे आणि पंखा किती नंबरवर ठेवायचा हे ठरवणे, याखेरीज त्यांच्याकडे तेथील दुसरे कोणतेही खाते असल्याचे मला आढळलेले नाही. “कंट्रोल सी आन् कंट्रोल व्ही आमच्या कीबोर्डावर पहिल्यापासनंच हाय की ओ,” ते म्हणाले, “त्याचे पैसे तुम्ही कसले लावता?”

हिशेबनीस हसला. चहा घेऊन आलेला मुलगाही हसला, आणि त्या मुलाचे हसणे मला अजून सलते आहे, कारण त्याच्या भावाला संगणकाच्या क्लासची फी किती द्यावी हे मीच सांगितले होते.

त्या कारखान्यासाठी मी ऑर्डर नोंदवण्याचा एक डेस्कटॉप प्रोग्राम केला आहे. गिऱ्हाईक कधी एक्सेलचा तक्ता पाठवते, कधी ईमेलमधून नक्षीचा फोटो, तर कधी वेब पानावरून उचललेला मजकूर, आणि ते सगळे उचलून प्रोग्रामच्या खिडकीत टाकले की ऑर्डर तयार व्हावी अशी मालकांचीच इच्छा होती. ती पूर्ण झाली. पूर्ण झाली हाच माझा गुन्हा असावा, कारण जे काम चालते ते कोणाला दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचे पैसे कोणी देत नाही.

कंट्रोल सी दाबून कॉपी केल्यावर एक वस्तू उचलली जाते आणि कंट्रोल व्ही दाबून पेस्ट केल्यावर तीच खाली ठेवली जाते, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात एक्सेलमधून चार चौकटी कॉपी केल्या, तरी क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला माल तात्पुरता ठेवण्याच्या संगणकातल्या जागेवर, त्यांची अनेक रूपे मांडली जातात : टॅबने तोडलेला साधा मजकूर, वेब पानांचे एचटीएमएल, सजावटीसह मजकुराचे आरटीएफ, स्वल्पविरामांचा सीएसव्ही, शिवाय चित्र. देणाऱ्याने सर्वांत तपशीलवार रूप आधी आणि साधे रूप शेवटी ठेवावे असा विंडोजमधला संकेत आहे. घेणाऱ्याने त्यातले आपल्याला समजणारे आणि उपयोगी पडणारे निवडायचे. त्यातही पुष्कळदा माल तेथे नसतोच, फक्त नाव नोंदवलेले असते आणि कोणी मागितले की मगच तो तयार होतो. देणारा प्रोग्राम रीतसर बंद झाला, तर जाण्यापूर्वी सगळी राहिलेली रूपे तयार करून ठेवण्याची सूचना त्याला मिळते. तो अचानक कोसळला, तर ते वचन त्याच्याबरोबरच जाते आणि रिकाम्या हाताने उभा राहतो तो माझा प्रोग्राम.

हे मामांना समजावे म्हणून मी त्यांच्याच धंद्यातला दाखला दिला, आणि पुढचे सगळे त्यातून ओढवले.

“मामा, चादरीवरचा मोर घ्या,” मी म्हणालो. “तो आधी आलेखाच्या कागदावर असतो, मग मागाला नक्षी सांगणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्याच्या भोकांत असतो आणि शेवटी चादरीवर येतो. मोर एकच, पण मागाला पुठ्ठा लागतो आणि गिऱ्हाइकाला चादर लागते. क्लिपबोर्डवर हे सगळं एकदम मांडलेलं असतं. त्यातलं योग्य ते ओळखून उचलणं हे माझ्या प्रोग्रामचं काम.”

मामांनी चष्मा काढला, वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती मांडीवर ठेवली. ही तयारी पाहूनच मी उठायला हवे होते, पण अर्धा कप चहा उरला होता.

“गिऱ्हाइकाला आम्ही कधी पुठ्ठा देतो का?”

“नाही.”

“मागात कधी चादर घालतो का?”

“नाही, पण...”

“मग चुकीचं उचलायची भीती तुमच्या प्रोग्रामालाच का ओ? आमचा माग चालवणारा शाळेची पायरी चढला नाही, पण त्यानं आजवर मागात चादर घातली नाही.”

“त्याच्यापुढे दोन्ही एकदम कोणी ठेवत नाही, मामा.”

“ठिवलं तरी तो घालणार नाही. त्याला पगार किती हाय विचारा आमच्या भाच्याला, मग तुमचं बिल बघा.” हिशेबनीस पुन्हा हसला. मामांना हुरूप आला. “आन् ऐका. एक्सेलनं पाच परकार ठिवले, बरोबर? तुम्ही त्यातला एकच घेतला, बरोबर? मग चार तर तसेच परत गेले. पाचाचे पैसे कसे लागतील? एकाचे लावा.”

मी एकाचेच लावले आहेत, असे म्हणावे की एकही फुकट येत नाही असे म्हणावे, हे ठरेपर्यंत त्यांनी तेही खोडले.

मग मी जुन्या प्रोग्रामची आठवण करून दिली. तो साध्या मजकुराचे जुने रूप मागत असे, सगळ्या लिपी सामावणाऱ्या युनिकोडच्या आधीचे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसले जुने कोडपेज, म्हणजे अक्षरांना आकडे नेमून देणारा तक्ता, नाहीच, त्यामुळे त्या रूपात मराठी अक्षरे उतरली की त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. या कारखान्यात घरची बोली तेलुगू, बिले मराठीत आणि अक्कलकोटकडच्या काही गिऱ्हाइकांची पत्रे कन्नडमध्ये. त्या प्रोग्रामने तिन्ही लिपींना अगदी समान वागणूक देऊन सगळ्यांची प्रश्नचिन्हे केली होती. “तवा बरं होतं,” मामा म्हणाले, “संगणकाला कळलं नाही तर तो निदान विचारायचा तरी.”

एकाच बाबतीत मी त्यांचे मन जिंकले, आणि ते माझ्या कौशल्यामुळे नव्हे. वेब पानावरून कॉपी केलेल्या एचटीएमएलच्या डोक्यावर एक छोटे शीर्षक असते आणि उपयोगाचा तुकडा कोठून सुरू होतो व कोठे संपतो ते त्यात आकड्यांनी लिहिलेले असते. हे आकडे अक्षरांचे नसतात, बाइटचे असतात, म्हणजे यूटीएफ-८ या पद्धतीने युनिकोडची अक्षरे साठवायला लागणाऱ्या छोट्या खणांचे. इंग्रजी मजकुरात दोन्ही सारखेच निघतात, म्हणून चुकीचे मोजणाऱ्याची चूक कधी उघडी पडत नाही. मराठी आली की ती पडते. ‘सोलापूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, युनिकोडमध्ये काना-मात्रा-उकार धरून त्याचे सात घटक होतात आणि प्रत्येकाचे तीन याप्रमाणे 21 बाइट लागतात. एखाद्या प्रोग्रामने सातच मोजले, तर आमचे शहर ‘सोल’पर्यंत पोहोचण्याआधीच कापले जाते. असा एक प्रोग्राम गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी वापरतो, त्याची दुरुस्ती माझ्या प्रोग्राममध्ये करावी लागली, आणि खोडलेल्या ओळीतला बराचसा वेळ तेथे गेला होता.

“सोलापूरला एकवीस?” मामा सावरून बसले. “मुंबईला किती?”

“पंधरा.”

“पुण्याला?”

“बारा.”

त्यांनी हे हिशेबनिसाला पुन्हा सांगितले, मग फोनवर आपल्या बारामतीच्या व्याह्यांना सांगितले. बारामतीचेही सात घटक, म्हणजे 21 बाइटच होतात. ही माहिती मी स्वतःजवळ ठेवली. एवढे होऊनही ती ओळ खोडलेलीच राहिली.

कट, कॉपी आणि पेस्ट या क्रियांचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या लॅरी टेस्लर यांनी टिम मॉट यांच्यासह झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, 1970 च्या दशकाच्या मध्यावर, ‘जिप्सी’ नावाच्या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये त्या रूढ केल्या. टेस्लर 2020 च्या फेब्रुवारीत वारले. त्यांना त्या कामाचा पगार मिळत होता, आणि तो देणाऱ्यांचे मामा सकाळी वर्तमानपत्र वाचायला तेथे येत नसावेत.

ड्रॅग-ड्रॉपचा, म्हणजे माउसने ओढून टाकण्याचा, विषय मी त्या दिवशी काढलाच नाही. फोल्डरमधून ओढलेल्या फोटोबरोबर फाइलचा पत्ता येतो, पण ईमेलमधून ओढलेल्या फोटोला डिस्कवर पत्ताच नसतो; तेथे फाइलचे वर्णन वेगळे आणि आतला मजकूर वेगळा मागून घ्यावा लागतो, आणि हे न जमणाऱ्या प्रोग्रामवर माउसचा बाण आडवी रेघ मारलेले मनाईचे वर्तुळ दाखवतो. ते वर्तुळ दिसले की दोष घेणाऱ्याचाच धरला जातो, देणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. हिशेबनिसाच्या संगणकावर तर ते कायमच दिसत असे. कारण काय, तर ‘त्यानं प्रोग्राम जोरात पळतो’ असे कोणीतरी सांगितले म्हणून त्याने माझा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू होईल असे करून ठेवले होते. साध्या अधिकाराने चालणाऱ्या फोल्डरच्या खिडकीतून वरच्या अधिकाराच्या प्रोग्राममध्ये ओढून टाकलेली वस्तू विंडोज व्हिस्टापासून अडवली जाते. आपल्या दारात कोणी काही टाकत होते, हे माझ्या प्रोग्रामला कळतसुद्धा नाही. एक टिकचिन्ह काढले आणि वर्तुळ गेले. एक टिकचिन्ह काढण्याचे पैसे मागण्याचे धाडस मला झाले नाही.

परवा मामांचा फोन आला. “तुमच्या प्रोग्रामामुळं फोटो पळाला.” चौकशीअंती असे निघाले की माझा प्रोग्राम त्या वेळी बंद होता आणि मामांनी स्वतः मोराचा फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढला होता. एकाच ड्राइव्हवर ओढले तर विंडोज फाइल हलवते, वेगळ्या ड्राइव्हवर ओढले तर तिची प्रत करते, कंट्रोल दाबून ओढले तर कुठेही प्रतच होते, हे मी सांगितले.

“म्हंजे पेन ड्राइव्हवर टाकला तर दोन हुतात, आन् हितल्या हितं टाकला तर एकच?”

“हो.”

“हे कुणी ठरवलं?”

ज्यांनी कोणी ठरवले, त्यांना अशोक चौकातून फोन जात नाही. तो मला येतो, आणि बहुधा मी जेवायला बसलो की येतो.